तातडीच्या वेळी संपर्क

फॉर्म दोन पानांचा आहे.
नाव: हेमांगी. वय: एकेचाळीस.
गट: हौशी.
चला, म्हटलं,
हौसेला निदान एक गट तरी मिळाला.

पुढचा रकाना: फळीवर कुठला पाय पुढे?
उजवा.
याच पायानं एकदा माप ओलांडलं होतं कोपरखैरण्यात,
तांदूळ फार लांब गेले नव्हते.
अजून तोच पाय पुढे घालते
आणि बोट ओढेल तिकडे जाते,
फक्त दोरी कधी सोडायची
ते आता माझ्या हातात असतं.

दिवाळ्याच्या धक्क्यावरून हसुराम तांडेल बोट काढतो
साडेपाचला, अष्टमी बघून.
तिथीची पाऊणपट कर, म्हणतो, पाण्याची वेळ मिळते.
आठाची पाऊणपट सहा.
सहाला खाडी भरलेली, भांगेचं पाणी,
वारा उठायचाय,
उरणच्या पुलावर कंटेनरांचे दिवे अजून चालू,
आणि मी गळ्यापर्यंत पाण्यात उकिडवी,
गुडघे पोटाशी.
दोरी ताणते. फळी उभी राहते.
मग मी.

स्पर्धा शनिवारी. शनिवारी अमावस्या.
भर दुपारचं उधाण, हसुराम म्हणाला,
तारीख काढणाऱ्याच्या घरात
पंचांग नसावं.

आठवडाभर मी आकडे मांडते
मसाला मार्केटात, दुसऱ्या मजल्यावर.
बेडगीची पोती, धण्याचा दर, जिऱ्याची उधारी,
शिंकत शिंकत बेरजा.
एक पाणीच होतं, जिथे जमा-नावे कोणी विचारत नव्हतं.
आता बोटीत एक माणूस बसणार
माझ्याकडे तोंड करून, मांडीवर कागद,
माझ्या पडण्याचे किती कापायचे ते ठरवत.
त्याला काय कळणार,
वर आल्यावर मी हसते
ते नाकात खारं पाणी गेलेलं असतं म्हणून.

निहार फोनवर म्हणतो, आई, समोर विशीतल्या पोरी असतील.
असतील.
मृदुला म्हणते, व्हिडिओ फिरेल, सगळे बघतील.
बघतील.
गुडघा काहीच म्हणत नाही,
जिना उतरताना तेवढा कटकन बोलतो.

म्हणून नको.
असं ठरवून दोन दिवस बरे गेले.
तिसऱ्या दिवशी पावतीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर
माझंच अक्षर सापडलं, हिरव्या शाईत:
फाल्गुन वद्य अष्टमी, डावी लाट ओलांडली, पडले.
चैत्र शुद्ध अष्टमी, अकरा वेळा पडले.
चैत्र वद्य, नऊ वेळा.
आणि त्याखाली, दोन रेघा ओढून:
दहाव्यांदा उतरले ती उभीच होते.

म्हणजे मी मोजतच होते.
परीक्षक आधीपासून बसलाय बोटीत,
हिरव्या शाईचा,
आणि गुण द्यायला भारी चिक्कू.
दुसरा कोणी कदाचित
दोन जास्तच देईल.

हसुरामला विचारलं, भरू का फॉर्म?
तो इंजिनावर वाकलेला, हात काळे.
डिझेल कोणाचं, त्यांचं की आपलं?
त्यांचं.
मग आपली दोरी तरी नवी घे, म्हणाला,
ही विरलीय.

शेवटचा रकाना:
तातडीच्या वेळी संपर्क. नाव. नातं.
पूर्वी इथे हात आपोआप एक नाव लिहायचा.
आता पेन थांबलं.
निहार पुण्याला. मृदुला दुपारची फोन उचलत नाही.
मग आठवलं,
मी पडते तेव्हा कोण मान वळवतं,
कोण इंजिन मंद करून अर्धा वळसा घेतं
दोरीचं टोक माझ्या हाताशी येईल असा,
आणि एकदाही विचारत नाही, लागलं का.

लिहिलं: हसुराम तांडेल, दिवाळे गाव.

नातं या शब्दापुढे
"बोटवाला" लिहिलं, खोडलं.
"ओळखीचे" लिहिलं, तेही खोडलं.
खाडाखोड तशीच ठेवून
खाली सही केली.