शिफ्ट दाबून

तासगावात, कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात
सकाळी मेलचं सॉफ्टवेअर चालेना.
उघडायचं, पांढरं व्हायचं, मिटायचं.
मगदूम अण्णा म्हणाले, "आत चार अंशांवर
बेदाणा शाबूत, आणि इथं पंख्याखाली
हे कसं गोठलं?"

शिफ्ट दाबून धरली. परत चालू केलं.
सेफ मोड.
समोर आलं ते ओळखू येईना :
रंग नाही, घड्याळ नाही, डावीकडचा गणपती नाही,
धुऊन पालथ्या घातलेल्या क्रेटसारखं रिकामं.
पण मेल आले. एकशे बारा.
त्यात कोचीचा व्यापारी दोनदा चिडलेला.

मग एकेक जोडणी लावायची,
बंद करून पुन्हा उघडायचं.
सहीची लावली, चाललं.
तारखेची लावली, चाललं.
मराठी कीबोर्डची लावली, चाललं, जरा कण्हत.
तेवढ्यात अण्णांनी तीन चहा सांगितले,
दोन स्वतःच प्याले.

सातवी, आठवण देणारी.
श्रीधर उगारेनं बसवलेली,
नोकरी सोडायच्या आदल्या आठवड्यात.
रोज साडेपाचला कोपऱ्यात एक ओळ यायची :
'पाणी पी. मिरजेची एसटी सहाला.'

ती लावली की पांढरं.
काढली की नीट.
तीनदा करून पाहिलं.
चौथ्यांदाही.

"काय झालं होतं गं?" अण्णा.
"काही नाही ओ, जुनं होतं एक,"
म्हटलं, आणि 'काढून टाका'वर बाण तसाच ठेवून
आधी कोचीला उत्तर लिहायला घेतलं.

एसटी तर आता पावणेसहालाच सुटते.