पन्नास फुटांवरून

वारा असा, की पाटीवरचे आकडेही उडून जावेत.
लिबरल गावाच्या अलीकडे, चोपन्न नंबरच्या रस्त्याला
वजनकाट्याची ही खोली. बावीस वर्षं इथे मी
लोकांची चाकं मोजते.

तो काट्यावरून न येता सरळ निघाला होता.
मी दिवा लाल केला.
काच खाली करून म्हणाला, "बाई, ट्रक तिकडे.
ही पिकअप आहे. हिच्यातून आम्ही रविवारी चर्चला जातो."

जा की. रविवारी जा.
आज बुधवार, आणि मागे लांबलचक ट्रेलर,
ट्रेलरवर दुसऱ्या कुणाचं पिवळं लोडर,
डॅलहार्टला पोचवायचं, पैसे ठरवून.
दाराच्या चौकटीवरचा आकडा
आणि ट्रेलरच्या पत्र्यावरचा आकडा मिळवला
की दहा हजार एक पौंडांची वेस केव्हाच मागे पडते.
त्या वेशीपलीकडे पिकअप नुसती पिकअप राहत नाही.
तिला झोपेचा हिशेब लागतो, डॉक्टरचं कार्ड लागतं,
आग विझवायचं नळकांडं, तीन लाल त्रिकोण.

नाव वर्लिन श्राग. उतरताना गुडघे वाजले.
चारही साखळ्या तंग,
बोटाने छेडली तर सूर लागावा इतक्या.
टायर चांगले. त्रिकोण डब्यात,
अजून दुकानाच्या वासाचे.

दारावरचा नंबर मुलीने रंगवलेला. ट्वायला, वय अकरा.
दोन शून्यं होती, दोन्हींची तिने सूर्यफुलं केली होती.
नियम म्हणतो, दिवसाउजेडी पन्नास फुटांवरून वाचता यावं.
मी वीस पावलं चालले, वळले.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय,
ऑफिसला अजून सांगितलेलं नाही.
चार, एक, फूल, सात, फूल.
रंग उठून दिसावा, एवढंच पुस्तकात आहे.
पाकळ्यांबद्दल अक्षर नाही. दोनदा पाहिलं.

मग जोडापाशी वाकले.
ट्रेलर सुटलाच, तर त्याचा ब्रेक आपोआप लागावा
आणि पंधरा मिनिटं लागलेला राहावा,
यासाठी असते एक बोटभर जाडीची तार.
तिच्या जागी गवताच्या गठ्ठ्याची नारिंगी सुतळी.

"तीस वर्षं ओढतोय. कधी सुटला नाही."
जनावरही सुटत नाही, सुटेपर्यंत.
दावं त्या एका दिवसासाठी असतं, श्राग.

मीडजवळचं मी त्याला सांगितलं नाही.
पत्रपेटीशी वाकलेली बाई,
हातात बियाण्यांचा कॅटलॉग.
ट्रेलर एकटाच आला होता,
कुणी न हाकता, काही घाई नसल्यासारखा,
थोडा उतार होता म्हणून.

लाल कागद चिकटवला. गाडी बंद.
तो चिडला, मग गप्प झाला, मग मेहुण्याला फोन केला.
मेहुणा तीन तासांनी तार घेऊन येणार.
मागचं फळकूट पाडून त्यावर बसला, डबा उघडला,
अर्धं सँडविच माझ्यापुढे धरलं.
घ्यायचं नसतं, त्यालाही नियम आहे.
काकडीच्या लोणच्याची एक फोड मात्र घेतली.
करा तक्रार.

नवी तार बसली. मी पिन उपटली.
आत कुठेतरी खट् झालं, आणि चाकं जागच्या जागी.
मग आम्ही दोघं घड्याळ धरून उभे राहिलो,
पंधरा मिनिटं, वाऱ्यात, एक शब्द न बोलता.
पंधरा मिनिटं किती लांब असतात
ते फक्त मलाच माहीत होतं.
बहुधा. त्याने टोपी काढली होती.

वळणावर दार एकदा दिसलं.
आकडे गेले होते.
दोन पिवळे ठिपके तेवढे राहिले,
पन्नास फुटांच्या कितीतरी पुढे,
चांगल्या डोळ्याला आणि वाईटालाही.

सोमवारी ऑफिसला डोळ्याचं कळवलं.
त्यांनी फॉर्म पाठवलाय. सहा पानी.