बरंवाईट म्हणायचं नाही

ट्रेनिंग शाळेच्या लायब्ररीत होतं,
तिसरीच्या मुलांच्या खुर्च्यांवर. माझे गुडघे हनुवटीला.
शेजारी कॅन्टीनची डोलोरेस, सफाईवाला गस,
आणि सारखे घड्याळ बघणारे गणिताचे दोन मास्तर.
मला वाटलं होतं, हे शिकलेल्यांचं काम.
मी बस चालवतो. नऊ नंबरची. सत्तावीस वर्षं.
मोंटानात आमच्या बाजूला झाडांपेक्षा टपालपेट्या जास्त,
आणि माझा रूट एकसष्ट मैलांचा.

हेलेनाहून आलेली बाई म्हणाली, सरळ विचारायचं.
"काही बरंवाईट तर नाही ना मनात," असं नाही.
बरंवाईट म्हणायचं नाही.
विचारल्यानं काही पेरलं जात नाही, म्हणाली,
असेल तर ते आधीच उगवलेलं असतं.

मग जोड्या लावून सराव.
"गस, तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"
तो फिस्सकन हसला.
हसू तोंडावर राहिलं, विसरलेल्या टोपीसारखं,
आणि तो कॉफी आणायला गेला.
बराच वेळ.

त्या आठवड्यात मी ते वाक्य रिकाम्या बसला विचारलं,
कुत्र्याला विचारलं, दाढी करताना आरशाला.
दर वेळी 'जीव'पाशी गिअर अडायचा.
नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मुलाला मी विचारलं होतं,
"काय रे, बरा आहेस ना?"
तो "हो" म्हणाला होता.
मला तेवढं "हो" पुरलं होतं.

माझ्या डोक्यावर एक लांबट आरसा आहे.
जानेवारीतल्या एका गुरुवारी त्यात दिसलं:
दहावीतल्या कोल्टर ब्रेकहसनं
आपला बेसबॉलचा ग्लोव्ह दुसरीतल्या विनीला दिला.
आत नाव लिहिलेला, तेल पाजून पाजून मऊ केलेला.
"ठेव. मला नको आता."
विनी खूश.
माझ्या खिशातल्या कार्डावर सहावी ओळ होती ती.

त्याच्या फाट्याशी बसमध्ये तो एकटाच उरतो.
हँडब्रेक ओढला. दार उघडलं नाही.
मागे वळून विचारलं, शब्दाला शब्द, शिकवलं तसं.
वायपर गेला, आला. गेला, आला.
तो म्हणाला, "आज नाही."

या उत्तराचा सराव झाला नव्हता.
म्हणालो, "मग आजच परत जाऊ.
बस वळवायला जागा लागते, जरा धरून बस."
वायरलेसवर मिसेस पेल्ट्झर. कोट घालून निघाली होती,
म्हणाली, काढते कोट. आईला मी बोलावते.

बावीस मैल.
मध्येच त्यानं विचारलं, चाकांच्या साखळ्या
सैल झाल्यात हे आतून कसं कळतं?
मी सांगत सुटलो. बायकोशीही इतका कधी बोललो नसेन.
ट्रॅक्टरवरच्या लिंडक्विस्टनं
संध्याकाळी उलट्या दिशेनं जाणारी पिवळी बस पाहिली
आणि गोंधळून हात वर केला.
कोल्टर शेवटच्या बाकावरून माझ्या मागच्या बाकावर
कधी आला, मला दिसलं नाही.
एवढा आरसा असून.

पुढे पाच आठवडे त्याच्या फाट्याशी थांबायचं नव्हतं.
मला कुणी काही सांगितलं नाही. सांगायचंही नसतं.
मी वेग मात्र कमी करायचो.

मार्चमधल्या मंगळवारी चढला.
गुड मॉर्निंग नाही, माझ्याकडे बघणं नाही.
चालेल.
सरळ विनीच्या बाकाशी जाऊन उभा.
"माझा ग्लोव्ह दे."
"दिलेलं परत घेत नसतात."
"अगं, तुला मोठा होतो तो."
"मी मोठी होईन ना."
"मला हवाय, विनी. मॅचेस सुरू होतायत."
तिनं ग्लोव्ह बुडाखाली दाबला.

बस चालू असताना उभं राहायचं नाही, असा नियम आहे.
मोडला तर मी ओरडतो. सगळ्यांना माहीत आहे.
दोन मैल मी ओरडलो नाही.