पीछे मूड

सेलूच्या शाळेच्या मैदानावर
तेहेतीस वर्षं मुंजाजी सरांनी
पोरांना वळायला शिकवलं.
उजवी टाच, डावा चवडा,
एक, दोन, तीन,
की स्टेशनाकडं तोंड असलेली अख्खी ओळ
जागच्या जागी गावाकडं.
टाचेखाली मुरमात बोटभर खळगा पडायचा.
ज्याचा खळगा पसरट
त्याला ते पुन्हा उभं करायचे.

आता सकाळी साडेसहाला
ते लिंबाच्या झाडापासून निघतात
झेंड्याच्या खांबापर्यंत.
सरळ चाल अजून शिट्टीसारखी.
खांबापाशी मात्र थांबतात.
जमीन बघतात,
चपलेचा अंगठा चाचपतात,
मग परातीत भाकरी
थापता थापता फिरत जावी
तसे थोडे, थोडे, थोडे.
मान खांदे कंबर सगळं एकदमच,
कपाट सरकवल्यागत.
मी मोजली पावलं. सात.
डावीकडून वळले तर नऊ.
म्हणून रफिकचं हॉटेल डाव्या हाताला असूनही
ते खांबाला उजवीकडून अख्खा वळसा घालतात
आणि मला म्हणतात,
"थांबायलास कामून? चल की."

गेल्या मार्चात मोंढ्यात
कुणीतरी मागून ओरडलं, "सर!"
मान वळली, पूर्वीसारखी, झटक्यात.
पायांपर्यंत हुकूम पोचलाच नाही.
मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये.

तेव्हापासून सेलूत
त्यांना पाठीमागून कुणी हाक मारत नाही.
असं काही ठरलं नव्हतं.
कौसाबाई मेथीच्या जुड्या तशाच टाकून उठते,
दोन गाड्यांमधून पुढं जाते,
समोर येऊन विसरलेली पिशवी हातात देते.
बँकेतला तो उंच पोरगा
दहा पावलं पुढं निघून जातो,
गर्रकन फिरतो, नमस्कार करतो.
सर त्याच्या पायांकडं बघतात.
"टाच उचललीस," म्हणतात.

काल रात्री कुलूप लावल्यावर
गॅस बंद केला का ते आठवेना.
दारातच माघारी वळलो.
चार.
खाली फरशी होती, मुरूम नव्हता,
खळगा पडायचा प्रश्नच नव्हता,
बघायलाही कुणी नव्हतं.
पुन्हा दाराकडं तोंड करून उभा राहिलो,
पुन्हा वळलो.
चारच.