डांबराचा अंगठा

ग्रंथालयाची लाँच महिन्यातून एकदा येते.
भरती असेल तर धक्क्याला लागते, ओहोटी असेल तर लांब उभी राहते,
मग आम्ही गुडघाभर चिखलातून पुस्तकं डोक्यावर धरून जातो.
एउफेमियाबाई वहीत नाव लिहून घेतात,
ओल्या हातात पुस्तक देत नाहीत.
मी हात स्वेटरला पुसले. स्वेटरही ओलाच होता.

पुस्तकात दोघं आहेत, ओरेल आणि तिन्को,
आणि एक खेचर, दोघांपेक्षा शहाणं.
गावाची घंटा चोरीला गेलीये, ती आणायला
ते मिठाच्या वाळवंटातून सतरा दिवस चालतात.
असं वाळवंट म्हणे आमच्याच देशात आहे, वर, उत्तरेला.
मला खरं वाटत नाही.
पाणी नसलेली जागा मी अजून पाहिलेली नाही.
आमच्या भिंतींच्या लाकडी खवल्यांतूनही पाणी झिरपतं,
बटाटे जमिनीतून काढले तरी रडत असतात.
तरी नवव्या प्रकरणात मी तीनदा उठून पाणी प्यायले.
आईला वाटलं, ताप आलाय.

आता माझं भांडण.
अकराव्या रात्री तिन्को उरलेलं पाणी एकटा पितो
आणि सकाळी म्हणतो, पखाल गळत होती.
ओरेलला कळतं. हात लावला की कळतंच,
गळकी पखाल बाहेरून ओली असते.
ही कोरडी ठणठणीत.
आणि ओरेल काय म्हणतो? काही नाही.
चाळीस पानं, काही नाही!
खेचराला ओढतो, तिन्कोच्या टाचेतले खडे काढतो,
रात्री आपलं पांघरूण त्याच्या अंगावर टाकतो.
मी लेखकाला शिव्या दिल्या.
माझ्या हातात असतं तर बाराव्या सकाळीच
तिन्कोला उभं करून विचारलं असतं,
खाल्ल्या मिठाला जागतोस का रे?
आजूबाजूला एवढं मीठ असताना.

हे मी तुला बोलतेय असं समजू नकोस, रोसामेल.
समजलास तरी चालेल.

तुम्ही बेट सोडून जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.
दुकानवाल्याला, पाद्रीबाबाला, माझ्या धाकट्या भावालासुद्धा.
तुझ्या बापाला पलीकडे सॅमनच्या कारखान्यात ट्रक मिळाला होता.
आपण उन्हाळाभर तुझ्या आजोबांच्या होडीच्या फटी बुजवल्या,
तू डांबर, मी काथ्या,
आणि तू म्हणायचास, मार्चमध्ये हिला पाण्यात उतरवू.
मार्चमध्ये.
कोरडी ठणठणीत.
तुमची बोट सुटली तेव्हा मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे बसले होते.
भोंगा ऐकू आला. अंडी मोजत राहिले.
चार होती. पुन्हा मोजली.

काल परत त्या पानावर गेले, भांडायलाच.
दिवा जवळ ओढला तेव्हा दिसलं,
'पखाल गळत होती' या ओळीला लागून
एक काळा डाग, आत बारीक रेघा.
अंगठा.
डांबर मुरलं की जात नाही, मला माहीत आहे,
माझ्या निळ्या झग्यावर अजून आहे.
मागच्या पाकिटातलं कार्ड काढलं.
रोसामेल बारिया कायुन, जानेवारी.
त्याखाली पुन्हा रोसामेल, फेब्रुवारी.
तू, ज्याला दोन पानांत जांभया येतात!
दोन महिने या ओळीवर अंगठा ठेवून बसला होतास.

म्हणजे मी माफ केलं, असं नाही.
ओरेलसारखं मला जमत नाही, आणि माझ्याकडे खेचरही नाही.
घंटा मिळते की नाही, ते मी सांगणार नाही.
तू शेवटापर्यंत पोचलास का, ते कार्डावरून कळत नाही.

आज लाँच आली. एउफेमियाबाईंनी विचारलं, आवडलं?
मी म्हटलं, मीठ जरा जास्त आहे.
घरून निघताना बटाट्याच्या वाफ्यात अंगठा दाबला होता
आणि तुझ्या अंगठ्याशेजारी उठवला होता. फार जवळ नाही.
बाईंना ते पान दिसलं. कपाळाला आठ्या.
पुढच्या बेटावरचा कुणी वाचेल तेव्हा म्हणेल,
काय घाणेरड्या हातांची माणसं.