डिझेल

वीज गेली की खांबेटे काका मोजायला लागतात.
एक, दोन, तीन…
सोसायटीचा जनरेटर नवव्या आकड्याला खोकतो,
तेव्हा कुठे कप उचलतात.

बिबवेवाडी, चौथा मजला.
पेपरात तो परमुलखातला घुमट, मागे धूर.
"फुटेल का हो?"

"घुमट सोसेल बरंच.
तू विचार, टाकीत डिझेल किती दिवसांचं.
भट्टी बंद केली तरी निवत नाही,
पाणी मागत राहते, तापातल्या माणसासारखी.
आणि विचार, रात्रपाळीला कोण आहे,
किती रात्री सलग,
त्याची पोरं गोळीबाराच्या कुठल्या बाजूला."

लाइट आले. जनरेटर थांबला.
काका चपला घालून खाली गेले,
टाकीत काठी बुडवून
ओली खूण कुठवर येते बघायला.