शिडी भोयरांची

एक आकडा बदलला
की सातशे बेरजा पुन्हा होतात.
तीन दिवस गिरडच्या घरी बसून शोधतोय
कोणती बेरीज कुणावर टेकलीय.

वर गुणवंतकाका. फुटकं कवेलू खाली देत म्हणतात,
"सारं छप्पर कायले उकलतं बापू?
गयते तिथलंच काढ.
पन वरचं सरकवल्याबिगर
खालचं निंगत नाई."

हेच तर लिहायचं होतं.
लिहिलं. रस्टचा कंपायलर म्हणाला,
उसनं घेतलेलं अजून वापरात आहे,
हलवता येणार नाही.

दारात भोयरांचा पोरगा, शिडी न्यायला.
काका छपरावरच.
"थांब जरा," मी म्हणालो,
त्याला की स्क्रीनला, कोण जाणे.

दिवेलागणीला शिडी परत गेली.
आकडा बदलून पाहिला :
तीनच बेरजा हलल्या.
बाकीच्या जुन्याच,
शेवाळलेल्या, शाबूत.